बद्द

उद्यमनगरात तेवीस वर्षं हिंदुराव तिबिले
हातोडीनं कास्टिंग वाजवून बघत आले.
टण् झालं तर पांढरा खडू, बद्द वाजलं तर लाल.
डोळ्याला न दिसणारी चीर
त्यांच्या उजव्या कानाला दिसायची.

मग एक दिवस सगळाच माल बद्द वाजायला लागला.
दोन शिफ्टा त्यांनी भट्टीला शिव्या घातल्या,
वाळूला, मोल्डरला, मोल्डरच्या मेव्हण्याला.
तिसऱ्या दिवशी तोच तुकडा डाव्या कानाशी धरून वाजवला
आणि गप्प खाली बसले.

एमआरआयमध्ये गाठ. बोराएवढी,
ऐकण्याच्या नसेला खेटून.
कर्करोग नव्हे. वाढते मात्र.
"काढा की," ते म्हणाले, "पर कान ऱ्हाऊ द्या.
डोकं न्हाई चाललं तरी चालंल, माझा पगार कानाचा हाय."
नेजकर मॅडमनी शब्द दिला नाही. त्या देत नाहीत.
माझ्याकडे बोट केलं फक्त:
"ह्या बाई बसतील तुमच्या कानाशी."

तर बसले आहे मी
राजारामपुरीत, दुसऱ्या मजल्यावर,
सकाळी साडेआठपासून, हिरव्या कापडांच्या कडेला.
त्यांच्या उजव्या कानात घट्ट बसवलेली नळी,
नळीतून टक् टक् टक्, सेकंदाला एकवीस वेळा.
हिंदुराव झोपलेत. त्यांना काही ऐकू येत नाही.
नसेला येतं.
ती उत्तर देते, पण इतकं बारीक
की हजारदा विचारावं तेव्हा पडद्यावर एक रेघ उमटते,
पाच टेंगळांची.
पाचवं माझं.

तिकडे मॅडम गाठ आतून पोखरतात,
मग तिचं साल नसेवरून सोडवतात,
केसाएवढं, पुन्हा केसाएवढं.
इकडे मी वाजवून बघते.
अजून खणखणीत. अजून.

अकरा दहाला पाचवं सरकलं.
सहा मिलिसेकंदाला यायचं, ते सातला आलं,
दमून, निम्म्या उंचीचं.
आणि हे आत्ताचंही नव्हे;
हजार टिचक्यांची बेरीज,
जवळजवळ मिनिटापूर्वीची बातमी.
"थांबा."
एवढाच माझा शब्द. त्याचाच माझा पगार.

मॅडमनी हात उचलले. मेंदू मागे धरणारी पट्टी सैल केली,
कोमट पाणी सोडलं,
आखडलेल्या रक्तवाहिनीवर औषधाचा बोळा ठेवला.
मग कुणीच काही केलं नाही.
काहीही न करायला किती हात लागतात
ते मी ह्याच खोलीत शिकले.
भूलतज्ज्ञ किल्लेदार घड्याळाकडे बघत नव्हते,
म्हणजे बघतच होते.
खाली रस्त्यावर कुणीतरी बुलेट सुरू करत होतं,
तीन किका वाया.
मी विचारत राहिले,
टक् टक्, आहेस का, आहेस का,
जसं कडी लावलेल्या दारावर
आवाज न चढवता
विचारत राहतात.

अकरा बावीस. साडेसहा.
पूर्ण परतलं नाही. पण उठून बसलं.
"चला," मी म्हणाले.
शेवटचा तिळाएवढा तुकडा
मॅडमनी नसेवर तसाच राहू दिला.

आठव्या दिवशी हिंदुरावांनी वॉर्डातला स्टीलचा पेला
उजव्या कानाशी धरला, चमच्यानं वाजवला.
बराच वेळ ऐकत राहिले,
पेला थांबल्यावरसुद्धा.
"बद्द?" मी विचारलं.
"न्हाई." मग जरा वेळानं,
"लांबनं येतंय. शेजारच्या शेडमदनं आल्यागत."

माझ्या हातात त्यांचा कागद होता,
आकडे लिहिलेला: इतके डेसिबल, शंभरातले इतके शब्द.
"पांढरा का लाल?" मी विचारून गेले.
त्यांनी शर्टाचा खिसा चाचपला, सवयीनं.
"दोन्ही न्हाई, म्याडम.
आमच्यात एक तिसरा ढीग असतोय,
परत वाजवून बघायचा.
त्येच्यात ठेवा."